मदत हवी आहे : कॅरोटिड (मेंदूला रक्त नेणारी मानेतली धमनी) ऑपरेशन, हातात आठच दिवस

सासरे, वय ७२, ठाणे पश्चिम. सहा दिवसांपूर्वी उजवा हात वीस मिनिटं लुळा, बोलणं अडखळलं. मग सगळं पूर्ववत. मेंदूच्या एमआरआयवर बारीकसा ताजा डाग, रक्तस्राव नाही. सीटी अँजिओत डाव्या कॅरोटिडमध्ये ८० टक्के अडथळा, उजवी मोकळी. इको, होल्टर (हृदयाच्या ठोक्यांची सलग नोंद) नॉर्मल. अ‍ॅस्पिरिन ७५, क्लोपिडोग्रेल ७५ (दोन्ही रक्त पातळ ठेवणाऱ्या), अटोरव्हास्टॅटिन ८० (कोलेस्टेरॉलची) चालू. मधुमेह आहे, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी) १.१.

एक सर्जन सहा आठवडे थांबा म्हणाले. हे पटत नाही: एंडार्टरेक्टमीचा (धमनी उघडून आतला अडथळा काढण्याचं हे ऑपरेशन) खरा फायदा पहिल्या १४ दिवसांत, नंतर तो झपाट्याने घटतो. थांबायचं ते मेंदूचा मोठा झटका असेल तर. स्टेंट (धमनीत जाळीची नळी बसवणं) नको, सत्तरीनंतर त्यात झटक्याचा धोका जास्त.

ठाणे-नवी मुंबईत हे ऑपरेशन नियमित करणारे व्हॅस्क्युलर सर्जन कोण, आठवड्याभरात तारीख मिळते का, आणि ते क्लोपिडोग्रेल चालू ठेवूनच करतात का?