"पोट्ट्यांना काय फरक पडतो?" म्हणणाऱ्यांसाठी: डायनासोरच्या खेळण्यांबद्दल एकदाचं

गोंडवानावाला
परवा इथं एका भाऊंनी लिहिलं, "२,००० च्या परदेशी डायनासोरपेक्षा नागपूरच्या इतवारीतला २०० चा डब्बा बरा. खेळणंच आहे, पोट्ट्यांना काय फरक पडतो?" खाली हसणाऱ्यांची रांग लागली. म्हणून हे लांबलचक उत्तर.

फरक पडतो. त्या डब्ब्यातला व्हेलोसिरॅप्टर हातात घेऊन बघा. अंगावर एक पीस नाही आणि उंचीनं शेजारच्या टी-रेक्सच्या खांद्याला लागतो. खरा व्हेलोसिरॅप्टर शेपटीसकट २ मीटरच्या आसपास, वजन १५-२० किलो. २००७ मध्ये मंगोलियातल्या एका नमुन्याच्या हाताच्या हाडावर ओळीनं बारीक उंचवटे दिसले, पक्ष्यांच्या पंखांची मोठी पिसं जिथं रुततात तसेच. तिथं विषय संपायला हवा होता. पण सिनेमानं बोडका प्राणी डोक्यात बसवला आणि डब्बेवाल्यांनी त्याचाच साचा पाडला. हातांचे तळवे जमिनीकडे, पेटी वाजवायला बसल्यासारखे. या जनावरांची मनगटं तशी वळतच नव्हती, तळवे समोरासमोर असायचे. वर शेपटी जमिनीवर टेकवलेली. पावलांच्या ठशांमागे शेपटी घासल्याची रेघ क्वचितच सापडते, पण साचा बदलायला पैसे लागतात ना.

सफारी, कलेक्टए, पीएनएसओ या कंपन्या निदान संशोधन वाचून मूर्ती घडवतात. माझ्या कपाटाचा फोटो जोडतोय. फरक डोळ्यांनी बघा.

इतवारीचा भाऊ
काऊन भाऊ, नाव नाही घेतलं तरी समजलं न मले. एकच सांगा. तान्हा पोळ्याले तुमच्या घरचं पोट्टं लाकडी नंदी घेऊन निघते न? त्या नंदीच्या पायाखाली चाकं राह्यते. आजपावेतो कोणी इचारलं का, बैलाले चाकं कुठून आले म्हणून? पोट्टं दोरी धरून वढते, घरोघरी बोजारा म्हणजे खाऊचे पैसे घेते, खुश होते. दुसऱ्या रघुजीराजांपासून चालू आहे हे. तुमचा शास्त्रज्ञ तिथं कायले नाही बोलत?

गोंडवानावाला
कारण बैल पोरानं पाहिलेला असतो. चाकं गंमत म्हणून आहेत हे त्याला कळतं. डायनासोर तो कुठं पाहणार? त्याच्यासाठी हातातलं खेळणं हाच पुरावा.

धंतोलीची मास्तरीण
बैल पाहिलेला असतो? माझ्या वर्गात या, सर. गेल्या पोळ्याला एकानं विचारलं, खऱ्या बैलाला पण पाठीवर झूल जन्मापासून असते का. बाकीची पोरं हसली नाहीत, उत्तराची वाट बघत होती.

आणि तुमचं "अचूक" किती दिवस टिकतं? २०१२ मध्ये चीनमधला पिसांचा युटिरॅनस, टी-रेक्सचा नातलग, आला, तसे तुमच्यासारखे लोक पिसांच्या टी-रेक्सवर तुटून पडले. माझ्या भावानंही घेतला, घरात कोणाला हात लावू देत नसे. २०१७ ला टी-रेक्सच्या त्वचेचे ठसे छापून आले: मानेवर, कमरेवर, शेपटीवर खवलेच. स्पायनोसॉरसची तर दैनाच. २०१४ ला पाय आखूड झाले, २०२० ला शेपटी वल्ह्यासारखी रुंद झाली. दर वेळी नवीन मूर्ती. हे विज्ञान म्हणायचं की हप्ते?

गोंडवानावाला
विज्ञान बदललं म्हणून बदललं. तुमचा डब्बा मात्र पन्नास वर्षं मागंच आहे. एकजण चुकत चुकत पुढं जातो आणि दुसरा जागचा हलतच नाही, यात फरक नाही का, बाई?

कस्टमग्रस्त
तुमचं तत्त्वज्ञान चालू द्या. खेळण्यांवरची कस्टम ड्यूटी २०२० मध्ये २० वरून ६० टक्के झाली, २०२३ मध्ये ७०. २०२१ पासून आयएसआय मार्कही सक्तीचा. माझ्या एका पार्सलवर मूर्तीच्या किमतीएवढं बिल लावलं, वर कुरियरवाला म्हणे, "खिलौनाही तो है साब." माणूस चाळिशीचा आहे, खेळत नाही, कपाटात ठेवतो. हे खेळणं कसं?

इतवारीचा भाऊ
मार्क पोट्ट्याच्या तोंडात शिसं जाऊ नये म्हणून आहे बाप्पा. तुमच्या कपाटासाठी कायदा नाही बनत. मी मार्कावालाच माल इकतो.

प्रतापनगरकर
मूळ मुद्दा राहू द्या. फोटो मोठा करून पाहिला. पुढची दोन्ही जनावरं हिरव्यागार कृत्रिम लॉनवर उभी आहेत. विज्ञानाचा एवढा पुळका आणि क्रिटेशिअसमध्ये, म्हणजे डायनासोरांच्या शेवटच्या कालखंडात, गवत? नेचे ठेवा, सायकस ठेवा. डायनासोरच्या पायाखाली गवत काढायचं नाही, हे चित्रकारांचं नवखं पोरगंही सांगेल.

खडकफोड्या
प्रतापनगरकर, तो नियम २००५ मध्येच मोडला, आणि आपल्या अंगणात मोडला. वरोऱ्याकडच्या पिसदुऱ्याला शेतांत डायनासोरच्या शेणाचे दगड मिळतात. त्यांत गवताचे सिलिकाचे सूक्ष्म कण निघाले, निदान पाच प्रकारांचे. 'सायन्स'मध्ये छापून आलंय. २०११ मध्ये मध्य भारतातल्या लमेटा खडकांच्या थरांतले काही कण तर भाताच्या कुळातले ठरले.

इतवारीचा भाऊ
म्हणजे डायनासोर बी धानपट्ट्यातलाच! आता बोनस मागंल.

गोंडवानावाला
प्रतापनगरकर, वाचलंत? लॉन राहणार.

प्रतापनगरकर
त्या शेणात गवत चिमूटभर, बाकी ताडाचे नि सूचिपर्णी झाडांचे अवशेष. पाच प्रकार सापडले म्हणून सगळीकडे कुरण होत नाही. कुठंतरी तुरळक झुबके असतील.

खडकफोड्या
हेही बरोबर. आणि गोंडवानावाले, इतक्यात हुरळू नका. त्या लॉनवरचा मोठा प्राणी पॅटागोटायटन आहे ना? तो अर्जेंटिनाचा, १० कोटी वर्षांपूर्वीचा. पिसदुऱ्याचा काळ जेमतेम ६.६ ते ६.८ कोटी वर्षांपूर्वीचा. दुसरा व्हेलोसिरॅप्टर, तोही पिसदुऱ्याच्या जनावरांहून काही दशलक्ष वर्षं आधीचा, मंगोलियाच्या रेताड मुलखातला. आमच्या पिसदुऱ्याचं गवत या दोघांच्या पायाखाली कशाला?

खरा राग वेगळाच आहे. चंद्रपूर जिल्ह्यातल्या डोंगरगावच्या टेकडीवर इसिसॉरस हा लांब मानेचा डायनासोर सापडला. १९९७ मध्ये टायटॅनोसॉरस कोलबर्टी म्हणून त्याचं वर्णन झालं, २००३ मध्ये त्याला स्वतःचं नाव मिळालं. नागपूरहून गाडीनं दोनेक तास. कपाटात अमेरिका, अर्जेंटिना, मंगोलिया सगळे आहेत. विदर्भाचा कोण आहे?

गोंडवानावाला
डोंगरगाव मला शिकवू नका. तुम्ही कॉलेजात असाल तेव्हा मी मे महिन्यात तिथं फिरलोय. गुराख्याशिवाय कोणी नव्हतं, एक पाटीसुद्धा नाही. इसिसॉरस माझ्या कपाटात नाही म्हणून माझ्यावर काय ओरडता? साचा मी पाडतो का? हाडं कोलकात्यात. इथं आवाज उठवायचा सोडून लोकांच्या कपाटातलं गवत मोजत बसा.

खडकफोड्या
गवत तुम्ही ठेवलंत.

गोंडवानावाला
बरं. व्हेलोसिरॅप्टर आजच रेतीवर हलवतो. कन्हानची चालेल, की गोबीहून मागवू? त्यावर पण ७० टक्के लागतील.

धंतोलीची मास्तरीण
मुलांसाठी सुरू झालेल्या धाग्यात मुलं कधीच गायब झाली. असो. तुमचा नको असलेला बोडका व्हेलोसिरॅप्टर असेल तर शाळेला द्या. पिसांचा शेजारी ठेवून मी दोन्ही दाखवीन. आणि तो देताना आठ दिवस भाषण नको.

गोंडवानावाला
बोडका माझ्याकडे नाहीच. इतवारीत मिळेल.

इतवारीचा भाऊ
या न बाई, तुम्हाले होलसेलच्या भावात देतो. अन् गोंडवानावाले, पिसंवाला कोणी ५०० च्या आत बनवत असंल तं पत्ता द्या मले, पोळ्याच्या आधी माल भरून ठेवतो. चाकं मी लावून घेईन.