बंदी फक्त जुन्या करारात नाहीये
बायबलमधली जादूटोण्याची मनाई जुन्या करारापुरतीच (येशूच्या आधीच्या भागापुरतीच) होती, येशूनंतर तो विषय संपला, असं काही जण म्हणतात ते काही पटत नाही. जुन्या करारातल्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकात १८ व्या अध्यायात शकुन बघणारे, मंत्रतंत्र करणारे, मृतांशी बोलणारे सगळ्यांची नावं घेऊन मनाई आहे हे खरंच, पण नव्या करारात गलतीकरांस पत्रात ५ व्या अध्यायात देहाच्या कर्मांत मूर्तिपूजेला लागूनच चेटूक येतं. आणि इफिस शहरात तर लोकांनी स्वतःच आपली जादूची पुस्तकं आणून सगळ्यांसमोर जाळली, किंमत ५०,००० चांदीची नाणी (नव्या करारातलं प्रेषितांची कृत्ये हे पुस्तक, अध्याय १९), म्हणजे धंदा केवढा असेल बघा.

मला जास्त इंटरेस्टिंग जुन्या करारातल्या शौलाची, इस्राएलच्या पहिल्या राजाची, गोष्ट वाटते. यानेच मांत्रिकांना देशातून हाकललेलं आणि पलिष्ट्यांचं, म्हणजे शत्रूंचं, सैन्य समोर उभं राहिल्यावर देव स्वप्नातून, उरीमने (याजक देवाचा कौल घ्यायला वापरत ती वस्तू), संदेष्ट्यांकडून कशानेच उत्तर देईना तेव्हा हाच वेष बदलून रात्री एन-दोर गावच्या, मृतांशी बोलणाऱ्या बाईकडे गेला. त्याने बोलवायला सांगितलेला मेलेला संदेष्टा शमुवेल दिसल्यावर ती बाईच किंचाळली! शेवटी तिनेच वासरू कापून त्याला जेवू घातलं, म्हणजे बाईला अगदी राक्षसीण दाखवलेलं नाहीये.

बरं, चिठ्ठ्या टाकून निर्णय बायबलमधेही घेतात, येशूला धरून देणाऱ्या यहूदाच्या जागी प्रेषित म्हणून मत्थियाला तसंच निवडलं. फक्त तिथे आधी प्रार्थना करून देवालाच विचारलेलं आहे, शौल देवाला बायपास करायला गेला. जुन्या करारातल्या ‘१ इतिहास’ पुस्तकात १० व्या अध्यायात शौलाच्या मरणाच्या कारणांत भूतविद्येकडे जाणं स्पष्ट लिहिलंय.