सासूबाईंचा ज्येष्ठमधाचा काढा आणि बीपीची गोळी: मदत हवी आहे

शेवंती७: सासूबाई ७१ वर्षांच्या. बीपीची गोळी आणि सोबत पाण्याची (लघवी वाढवणारी) गोळी, दोन्ही चालू. थंडीत घसा धरतो म्हणून ज्येष्ठमध, तुळस, सुंठ आणि गवती चहा असा काढा सुरू केला. थंडी गेली तरी काढा दोन वेळा चालूच आहे. बीपी वरचं १३० असायचं, ते आता १५०-१५५ येतंय. पोटऱ्यांत गोळे येतात, पाय जड वाटतात. डॉक्टरांनी विचारलं, "आणखी काही घेता का?" तर म्हणाल्या, "छे, काहीच नाही." त्यांच्या लेखी काढा औषधात मोडतच नाही. त्यात शेजारच्या काकूंनी कुंपणावरची गुळवेल आणून दिलीये.

सगळंच बंद करायला सांगितलं तर घरात महाभारत होईल. नेमकं काय काढू?

रानवाटा: ज्येष्ठमध. आजच. त्यातल्या ग्लिसरायझिनमुळे शरीरात मीठ-पाणी साठतं, बीपी चढतं आणि पोटॅशियम लघवीवाटे जातं. पाण्याच्या बऱ्याच गोळ्याही पोटॅशियम घालवतात, म्हणजे दोन्हीकडून गळती. पोटॅशियम फार उतरलं तर हृदयाचे ठोके बिघडतात, म्हणून डॉक्टरांना लगेच फोन करून काढ्याचं सांगा आणि सोडियम-पोटॅशियम तपासायचं का ते विचारा. धडधड, चक्कर किंवा खूप अशक्तपणा वाटला तर थेट दवाखाना. बीपीच्या गोळ्या मनाने कमी-जास्त करू नका. घसा दुखल्यावर चार दिवस कांडी चघळणं वेगळं, महिनोन्महिने उकळून पिणं वेगळं.

पानसुपारी: गुळवेलही मी घेऊ देणार नाही. २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यावर यकृताला इजा झालेल्या रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली होती. आयुष मंत्रालयाचं म्हणणं, तो वेल दुसऱ्याच जातीचा असू शकतो. असेलही! पण मग काकूंनी आणलेला कोणता, हे कोण ठरवणार? गवती चहा चालू राहू दे. घशाला शेक मिळतो, आल्याने मळमळ कमी होते, एवढं खरं. 'इम्युनिटी' वगैरे पाकिटावर छापायला बरं. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर तेही डॉक्टरांच्या कानावर घाला.

शेवंती७: दोघांचे आभार. फोन केला. उद्या सकाळी रक्त द्यायचंय आणि काढ्याची पुडी सोबत आणायला सांगितलीये. ज्येष्ठमध डब्यातून काढल्याचं सासूबाईंना सांगितलं, तर म्हणाल्या, "मग त्याला गोडी कुठून येणार?" साखर आधीच वाढलेली आहे. चिमूटभर बडीशेप चालेल का?