जुन्या थारला लिफ्ट किट: पांधणीसाठी २ इंच की ३ इंच?

पांधणवाला:
नमस्कार मंडळी. गाडी जुनी थार सीआरडीई, २०१६ चं मॉडेल, फोर बाय फोर, टायर कंपनीचेच. गाव दारव्हा तालुक्यात, शेत नाल्यापल्याड. पांधण (शेतात जायचा कच्चा रस्ता) अशी आहे की पावसाळ्यात ट्रॅक्टरच्या चाकांनी दोन्ही बाजूला चर पडतात आणि मधात काळ्या मातीचा वरंबा उरतो, ऑक्टोबरच्या उन्हात तो असा कडक होते की गाडी खालून खरवडतच जाते. एक दुकानदार म्हणतो गाडी उंच करायची ३ इंचाची लिफ्ट किट टाका, अर्ध्या दिवसात फिटिंग. इकडे आमचा कमानवाला (स्प्रिंगच्या पाट्यांचं काम करणारा) म्हणतो कायले पैसे घालता, मागं एक पाटा वाढवतो, शॅकल (पाटा चेसिसला जोडणारी कडी) लांब करतो, समोरून टॉर्शन बार (समोर स्प्रिंगचं काम करणारी पिळाची सळई) आवळून देतो, झालं. कोणाचं ऐकू? आईला आताच स्टूल ठेवून चढवावं लागते, तेही धरून सांगा.

कमानपाटा:
भाऊ, पयले एक सांगा, खाली लागते काय? चेसिस, गिअरबॉक्सकडचा भाग, का मागचा गोळा, म्हंजे एक्सलच्या मधातला डिफरन्शियल? हे पाहिल्याशिवाय २ आन ३ इंचाचा वाद फुकट हाय. तुमच्या गाडीले समोर टॉर्शन बार हायत आन मागं पाटे. समोर ३ इंच नुसतं बोल्ट आवळून कोणी देत असन तर हात जोडा त्याले. बार आवळला म्हणजे स्प्रिंग काही नवीन झाली नाई, गाडी फक्त वर धरल्या जाते आन चाकाले खाली लटकाले जागा उरत नाई. मंग प्रत्येक गड्ड्यात वरचा आर्म रबरावर ठोकते, धाडधाड. वरून एक्सलचा कोन वाढते, रबर बूट ताणून फाटते, आत चिखल गेला की ग्रीस संपलं आन जॉइंट बी संपला. समोर दीड इंचाच्या वर मी तरी कोणाले करू देत नाई. आधी जॅक लावून चेसिस उचला आन चाक किती खाली लटकते ते पाहा, आताच कमी लटकत असन तर बार आवळून काही भेटणार नाई.

मोर्शीकर:
कमानपाटा भाऊंशी सहमत, फक्त मागच्या बाजूचं लिहितो कारण तिथेच लोकं काटकसर करतात. शॅकल २ इंच लांब केला तर गाडी साधारण १ इंचच उचलल्या जाते, वरून एक्सल थोडा फिरतो आणि प्रोपेलर शाफ्टचा कोन बदलतो, मग साठ-सत्तरच्या स्पीडला गाडी थरथरते आणि शाफ्टचे क्रॉस (जॉइंट) लवकर खराब होतात. त्यापेक्षा एक पाटा वाढवणं किंवा जुने पाटे खोलून कमान परत मारून घेणं बरं. दहा वर्षांचे पाटे असे बी बसलेलेच राहतात, नुसती कमान मारली तरी गाडी मूळ उंचीवर येईल. पाटे एक्सलला धरणारे जुने यू-बोल्ट परत घालू देऊ नका, ते एकदा ताणले की ताणले, नवे घ्या. चार-पाचशे किलोमीटरनंतर परत आवळायला लावा. आणि शॅकलचे बोल्ट गाडी जॅकवर असताना फायनल आवळू नका म्हणा, चारही चाकं जमिनीवर, गाडीचं वजन पाट्यावर आलं की मगच, नाहीतर आतले रबरी बुश पिळल्या जातात आणि महिन्याभरात कुरकुर सुरू.

ब्रेकचं तर कोणी सांगतच नाही. मागचा होज पाइप चाक पूर्ण लटकल्यावर ताणला जातो का ते डोळ्याने बघा. आणि मागच्या एक्सलपासून चेसिसवरच्या व्हॉल्वला जाणारी दांडी असेल (हा व्हॉल्व वजनाप्रमाणे मागचा ब्रेक कमी-जास्त करतो, त्याला एलएसपीव्ही म्हणतात), तर ती पण तेवढीच वाढवावी लागते. गाडी उचलली की तो व्हॉल्व समजतो गाडी रिकामी आहे, मागचा ब्रेक कमी देतो, आणि तुम्ही मागं सोयाबीनची पोती भरून घाट उतरत असता. शेवटी अलाइनमेंट आणि हेडलाइट खाली करणं, हे पण फिटिंगमध्येच धरा, अर्ध्या दिवसात नीट होत नाही हे काम.

पांधणवाला:
आज खाली झोपून पाहिलं. चेसिस साफ आहे, गिअरबॉक्सखालची प्लेट पण ठीक. घासलेलं दिसते ते मागच्या गोळ्यावर, खालून पूर्ण चकचकीत झाला आहे. समोर थोडं क्रॉसमेंबरवर. टायर २३५/७० आर १६.

मोर्शीकर:
मग लिफ्टचा विषयच संपला ना भाऊ. पाटे कितीही उंच करा, गोळा तिथेच राहतो, तो चाकाच्या मधात आहे. गोळा उचलायचा एकच रस्ता, मोठं टायर. २३५/७० ची उंची साधारण ७३५ मिमी येते, २४५/७५ आर १६ ची ७७४. म्हणजे ३९ मिमीचा फरक, त्याचा अर्धा, पाऊण इंच, गोळ्याला भेटतो. कमी वाटते पण वरंब्यावर पाऊण इंच खूप झाला. काटा मग थोडा कमी दाखवेल, मीटरवर ६० म्हणजे खरे ६३. मड टेरेनच्या, म्हणजे चिखलासाठीच्या खोल नक्षीच्या टायरच्या, नादी लागायचं तर रोडवर आवाज आणि ॲव्हरेज दोन्हीचा विचार करा. ओल्या काळ्या मातीत कोणतंही टायर एकदा भरलं की चोपडंच, फरक एवढाच की मड टेरेन माती लवकर फेकते. हवा १८-२० पीएसआयपर्यंत उतरवा आणि एक छोटा कंप्रेसर सोबत ठेवा, कारण परत डांबरीवर त्या हवेवर पळवू नका.

वर्धारोड:
एक कागदी गोष्ट पण बघा. मोटर वाहन कायद्याचं कलम ५२, कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनपेक्षा वेगळा बदल केला तर अडचण, २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने पण तेच सांगितलं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मालकाला प्रत्येक बदलामागे ५००० दंड किंवा ६ महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. पांधणीत कोणी विचारत नाही हे खरं, पण ॲक्सिडेंट क्लेमच्या वेळी सर्व्हेअर खाली वाकून पाहते. टायरचं पण इन्शुरन्सवाल्याला आधी विचारून घ्या.

कमानपाटा:
एक विचारू, तुमच्या गाडीले मागं लॉकर (मागची दोन्ही चाकं सोबत फिरवणारं) हाय का? २०१५ च्या फेसलिफ्टनंतर मेकॅनिकल लॉकर ऑप्शनमधी येत होतं. असन तर एक चाक हवेत गेलं तरी दुसरं ओढते, लिफ्टपेक्षा त्याचं काम जास्त. आन राजेहो, त्या वरंब्यासाठी गाडीवर कायले खर्च करता, पांधणीवरचे चार-पाच शेतकरी मिळून एक दिवस जेसीबी लावा, वरंबा खरडून चरात मुरूम भरा. पाणंद रस्त्याची सरकारी योजना हाय, ग्रामपंचायतीत विचारा, पण तिची वाट पाहत बसलात तर पुढची पेरणी येईन.

पांधणवाला:
लॉकर आहे, पण ते कधी लागते तेच कळत नाही. जेसीबीचं बाजूवाल्या काकांना विचारलं, ते तयार आहेत, आमच्या भावकीचा एक जण अडून बसला आहे की मुरूम त्याच्या धुऱ्यावर (बांधावर) पडेल. त्याला पाहतो. तोवर पाट्यांची कमान मारून घेतो आणि २४५/७५ टायर. हे टायर मूळ उंचीवर बसेल का, का घासेल?

मोर्शीकर:
बहुतेक बसेल, पण चार घ्यायच्या आधी दुकानात एकच समोर चढवून बघा. स्टेअरिंग दोन्ही बाजूला पूर्ण फिरवा आणि एक चाक ठोकळ्यावर चढवून परत फिरवा. आत अँटी-रोल बारला (समोरच्या दोन्ही बाजू जोडणारी सळई) किंवा फेंडरच्या प्लास्टिकला लागते का ते टॉर्च लावून पाहा. नुसतं प्लास्टिक लागत असेल तर ते कापता येते. बारला लागत असेल तर तो साइज सोडा.