शब्दचर्चा : ‘एक्स्चेंज प्रोग्राम’ला विनिमय म्हणावं का?

धरमपेठकर : एका पोलीस अधिकाऱ्यांच्या सत्कारासाठी मानपत्र लिहून राहिलो. त्यांच्या परिचयात ‘इंटरनॅशनल एक्स्चेंज अँड ट्रेनिंग प्रोग्राम फॉर लॉ एन्फोर्समेंट लीडर्स’ असं आहे. मी केलं : ‘कायदा अंमलदार नेत्यांसाठी आंतरराष्ट्रीय विनिमय व प्रशिक्षण कार्यक्रम’. वाचवत नाही. सुचवा.

जुना रायटर : आधी ‘अंमलदार’ काढा जी. खात्यात ‘अधिकारी व अंमलदार’ अशी जोडी चालते. फौजदारापासून वरचे ते अधिकारी, शिपायापासून सहायक फौजदारापर्यंतचे अंमलदार. ठाणे अंमलदार म्हणजे टेबलावर बसून तक्रार घेणारा. साहेबांचा सत्कार करता की पदावनती? आणि ‘नेते’ म्हणजे ज्यांच्या बंदोबस्ताला आम्ही उन्हात उभे राहायचो ते!

महालवाला : 😄 पण लॉ एन्फोर्समेंटमध्ये नुसते पोलीस नसतात. सीमाशुल्क, वनखातं, उत्पादन शुल्क सगळे येतात. ‘कायदा अंमलबजावणी यंत्रणा’ हा सरकारी शब्द बोजड आहे, पण चूक नाही.

जुना रायटर : इथं माणूस पोलीस आहे नं, मग ‘पोलीस’ पुरे.

सिताबर्डीकर : माझी हरकत ‘विनिमय’वर. विनिमय दर घ्या, विचारविनिमय घ्या, दोन्हींकडून काहीतरी द्यावं लागतं. तिकडचा अधिकारी इथल्या ठाण्यात आणि इथला तिकडच्या, असं असेल तर खुशाल विनिमय म्हणा. एफबीआय म्हणजे अमेरिकेची केंद्रीय तपास संस्था. तिची नॅशनल अकॅडमी १९३५पासून चालते. तिकडे क्वांटिको गावी साधारण १० आठवडे अमेरिकन पोलिसांसोबत इतर देशांचे अधिकारीही शिकतात. गप्पांत अनुभवांची देवाणघेवाण होतेच, पण बदल्यात कोणी कुठं जात नाही. म्हणून ते प्रशिक्षण. १९९५मध्ये अमेरिकेनं हंगेरीत बुडापेस्टला पोलिसांसाठी अकादमी काढली, तिथंही तेच. हैदराबादच्या राष्ट्रीय पोलीस अकादमीत आयपीएसच्या मुलांबरोबर नेपाळ, भूतान, मालदीवचे अधिकारी असतात. आपल्या नागपुरातल्या प्रत्यक्ष कर अकादमीत भूतानचे लोक येतात, त्याला कोणी विनिमय म्हणत नाही.

महालवाला : ‘अभ्यासदौरा’?

सिताबर्डीकर : शब्द चांगला होता. नगरसेवकांनी वाट लावली. आता अभ्यासदौरा म्हटलं की लोक विचारतात, कोणत्या हिल स्टेशनला?

महालवाला : मग ‘प्रतिनियुक्ती’?

जुना रायटर : नाही बावा. प्रतिनियुक्ती म्हणजे दुसरीकडे जाऊन ड्युटी करणं. २००७मध्ये आपल्या महिला पोलिसांची तुकडी संयुक्त राष्ट्रांच्या मोहिमेवर लायबेरियाला गेली, ती ड्युटी. शिकायला गेलेल्याला ‘प्रशिक्षणार्थी’ म्हणा, वय पन्नास असलं तरी.

धरमपेठकर : त्यांना फोन केला. क्वांटिकोलाच गेले होते, बदल्यात इकडे कोणी आलं नाही. आता असं लिहितो : ‘अमेरिकेतील क्वांटिको येथे वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्यांसाठीचे १० आठवड्यांचे नेतृत्व प्रशिक्षण पूर्ण’.

जुना रायटर : ‘नेतृत्व’ चालते. ‘नेते’ तेवढे नको.