बोलेरोला 120 अँपिअरचा अल्टरनेटर टाकला तरी बॅटरीवर 13.4 च व्होल्ट, वायरिंग बदलावं का?

माणदेशी_पशुवैद्य
नमस्कार मंडळी. दहिवडी भागात जनावरांचा डॉक्टर आहे, गाडी 2014 ची बोलेरो. मागे 12 व्होल्टचा कॉम्प्रेसरवाला फ्रिज आहे, लाळ्या-खुरकूतची लस त्यातच असते आणि ती 2 ते 8 डिग्रीतच राहायला लागते, गरम झाली तरी वाया आणि गोठली तरी वाया. फ्रिजसाठी मागे वेगळी बॅटरी आहे, मधे ऑटोमॅटिक रिले, म्हणजे दोन बॅटऱ्या आपोआप जोडणारा-सोडणारा स्विच (13.3 व्होल्टला जोडतो, 12.8 ला सोडतो), शिवाय छोटा इन्व्हर्टर आणि रात्रीच्या कॉलसाठी दोन फोकस. जुन्या अल्टरनेटरला (इंजिनवरचा डायनॅमो, जो बॅटरी चार्ज करतो) हे झेपेना म्हणून 120 अँपिअरचा बसवून घेतला. गॅरेजवाल्याने ब्रॅकेट, पट्टा सगळं स्वच्छ केलंय पण वायर जुनीच ठेवली. आता सगळं चालू केलं की पुढच्या बॅटरीवर 13.4, स्लोला (गाडी उभी, रेस न देता) त्याहून खाली, मागचा रिले टकटक करत राहतो आणि फ्रिज लो व्होल्टेज दाखवून बंद. अल्टरनेटरच्या जाड वायरला हात लावला तर चटका बसतो. एकजण म्हणतो अल्टरनेटर डुप्लिकेट दिला, दुसरा म्हणतो बॅटरी बदला. मला वाटतं वायर कमी पडतेय. किती एमएमची (म्हणजे किती चौरस मिलिमीटरची) टाकू, फ्यूज कितीचा, आणि अर्थिंगचंही काही करायला लागतं का? लस खराब झाली तर नुसते पैसे जात नाहीत, जनावराला लस टोचलीय असं समजून माणूस निर्धास्त राहतो, म्हणून एकदाच नीट करायचंय.

घाटवाटा_थार
डॉक्टर, आत्ताच काही विकत घेऊ नका, आधी मल्टिमीटर लावा. इंजिन 2000 आरपीएमवर धरायला कुणालातरी बसवा, फ्रिज, हेडलाईट, ब्लोअर, फोकस सगळं चालू. मीटरची लाल पिन अल्टरनेटरच्या जाड वायरच्या स्टडवर आणि काळी बॅटरीच्या प्लसवर, तीही क्लॅम्पवर नाही, शिशाच्या खुंटावर. येईल तेवढे व्होल्ट वाटेत जातायत. मग तसंच अल्टरनेटरची बॉडी आणि बॅटरीचा मायनस खुंट. दोन्हीकडे 0.2 च्या आत असायला पाहिजे. पट्टा आणि पंखा जवळच असतो, बाही वर सारून काम करा. आकडे इथे टाका.

माणदेशी_पशुवैद्य
केलं. प्लसच्या बाजूला 0.46, मायनसच्या बाजूला 0.38. खुद्द अल्टरनेटरवर (स्टड ते बॉडी) 14.2 येतात.

ऑटोइलेक्ट्रिक_कराड
मग अल्टरनेटर एकदम ठीक आहे साहेब, ज्याने दिला त्याला बोल लावू नका. बॅटरीही लगेच काढू नका, पण 13.4 वर ती कधीच पूर्ण भरत नाही, असंच चालवलं तर प्लेटवर सल्फेट बसून खरोखर जाईल. तुमच्या आकड्यात मुख्य गोष्ट म्हणजे जवळपास निम्मे व्होल्ट अर्थिंगमध्ये जातायत, आणि नेमकं तेच कुणी बदलत नाही, नवी जाड लाल वायर टाकतात आणि खूश होतात. इंजिन रबरी माऊंटिंगवर बसलेलं असतं, त्यामुळे अल्टरनेटरचा सगळा करंट परत येतो तो इंजिन ते चेसिस पट्टीतून आणि बॅटरीच्या मायनस तारेतून. ती पट्टी एकदा खोलून बघा, थिंबलच्या (तारेच्या टोकाला बोल्टसाठी असतं ते भोकाचं टोक) तोंडाशी हिरवी पूड आणि आतले निम्मे धागे तुटलेले निघतात.

म्हणजे तीन तारा बदला: अल्टरनेटर ते बॅटरी प्लस, बॅटरी मायनस ते चेसिस, इंजिन ते चेसिस. हिशोब साधा आहे, 10 एमएम तांब्याचा रेझिस्टन्स मीटरला साधारण 1.9 मिलीओहम, दीड मीटर तारेतून 100 अँपिअर गेले की 0.28 व्होल्ट तारेतच संपतात आणि 28 वॅट उष्णता होते, चटका त्याचाच. 35 एमएमला तेच 0.08 वर येतं. तेव्हा तिन्हीकडे 35 टाका, चांगल्या कंपनीची वेल्डिंग केबल चालते, मऊ असते. म्युझिक सिस्टिमच्या स्वस्त किटमधली केबल मात्र अजिबात नको, त्यात बऱ्याचदा वरून तांबं आणि आत ॲल्युमिनियम असतं, ब्लेडने खरवडलं की पांढरं दिसतं.

थिंबल टिन केलेलं तांब्याचं, हायड्रॉलिक क्रिम्पिंगनेच दाबायचं. हातोडीने ठोकलेलं किंवा नुसतं सोल्डर केलेलं घेऊ नका, सोल्डर धाग्यांमधून वर चढतं, तार तिथे ताठ होते आणि व्हायब्रेशनने बरोबर तिथेच तुटते. चेसिसवर रंग खरवडून चकाकतं लोखंड काढायचं, दातेरी वॉशर, बोल्ट कसायचा आणि मग वरून व्हॅसलीन. इंजिन हलतं म्हणून तारेला थोडी ढील ठेवा, सायलेन्सरच्या पाईपपासून लांब बांधा. फ्यूज 150 अँपिअरचा, बॅटरीच्या प्लसपासून वीतभर अंतरात, कारण तार कुठे घासून बॉडीला लागली तर खरा भडका बॅटरी उडवते. मागच्या बॅटरीला जाणाऱ्या तारेला दोन्ही टोकांना फ्यूज, दोन्हीकडे बॅटरी आहे ना. तीही बारीक असेल तर 25 एमएम करा.

काम करताना मायनस आधी काढायचा आणि शेवटी जोडायचा. इंजिन चालू असताना बॅटरीची तार काढून "चार्जिंग बघणारा" कुणी भेटला तर त्याला गाडीला हात लावू देऊ नका, व्होल्टेज उसळून अल्टरनेटरच्या आतले डायोड उडतात.

विहीर_आणि_मोटर
शेतकऱ्याला हे लगेच कळेल, पोलापासून लांबवर बारीक केबल ओढली की विहिरीवरची मोटर गुरगुरते आणि तापते, तसंच आहे हे. जुनी अल्टरनेटरची वायर काढायची की नव्याच्या जोडीला ठेवायची? मी ठेवलेली बघितलीय.

ऑटोइलेक्ट्रिक_कराड
जुन्या वायरला स्वतःचा फ्यूज किंवा फ्युजिबल लिंक (फ्यूजसारखा वितळणारा वायरचा तुकडा) असेल आणि इन्सुलेशन धड असेल तर राहू द्या. बिनफ्यूजची असेल तर काढाच, नवीन फ्यूज उडाला की सगळा करंट त्या बारीक वायरवर येतो. डॉक्टरांची वायर चटका देण्याइतकी तापलीय, मी असतो तर काढली असती. फक्त तिच्यातून दुसरं काही कनेक्शन घेतलंय का ते बघून.

घाटवाटा_थार
एक गोष्ट राहिली. 120 हा आकडा अल्टरनेटर जोरात फिरतो तेव्हाचा असतो, स्लोला निम्माही येत नाही. गोठ्यासमोर गाडी स्लोला ठेवून फ्रिज, इन्व्हर्टर, फोकस सगळं चालवलं तर वायर कितीही जाड असली तरी बॅटरी उतरणारच, फोकस एलईडी करून टाका. आणि पट्टा बघा. 120 अँपिअर म्हणजे 14 व्होल्टला 1680 वॅट, अल्टरनेटरचा लॉस धरून इंजिनकडून साडेतीन-चार हॉर्सपॉवर घेतो. एका साध्या व्ही पट्ट्यावर असेल तर लोड टाकल्यावर किंचाळेल. रिब असलेला चपटा पट्टा असेल तर चिंता नाही, टेन्शन तेवढं तपासा.

पुणेकर_2021
माझी गाडी बीएस 6 आहे, बॅटरीच्या मायनसवर छोटा डबा आणि त्यातून बारीक वायर येते. मीही जास्तीची अर्थिंग तार थेट मायनस खुंटावर जोडली तर चालेल का?

ऑटोइलेक्ट्रिक_कराड
नाही. तो बॅटरी सेन्सर आहे, आत-बाहेर जाणारा करंट तो मोजतो आणि त्यावरून ईसीयू, म्हणजे गाडीचा कॉम्प्युटर, चार्जिंग ठरवतो. थेट खुंटावर तार जोडली तर तेवढा करंट मोजलाच जात नाही आणि चार्जिंगचा हिशोब चुकतो. तुमची तार सेन्सरच्या पलीकडे, चेसिसच्या बाजूला जोडा. आणि अशा गाडीत व्होल्टेज मुद्दाम कमी-जास्त केलं जातं, त्यामुळे 13 च्या खाली दिसलं तरी लगेच वायरला दोष देऊ नका, आधी वर सांगितल्याप्रमाणे दोन्ही बाजूंचा ड्रॉप मोजा. वॉरंटी चालू असेल तर कापाकापी करण्याआधी सर्व्हिस सेंटरला विचारा.

माणदेशी_पशुवैद्य
खोलून बघितलं, इंजिनची पट्टी चेसिसच्या टोकाला अर्धी तुटलेली, बोल्टखाली गंज. पट्टा रिबवाला आहे. साताऱ्याहून 35 ची केबल आणि क्रिम्प केलेले थिंबल मागवतोय, मागच्या तारेला 25. तोवर लस बर्फाच्या व्हॅक्सिन कॅरिअरमध्ये नेतो.