ग्राउंडिंग किट बसवल्याने गाडीची विद्युत यंत्रणा खरोखर सुधारते का?

प्रश्न (विश्रामबाग, सांगली)

सप्रेम नमस्कार. माझ्याकडे २०१३ सालची पेट्रोलवर चालणारी छोटी गाडी असून ती मी २०२१ च्या सुरुवातीला इथेच जुनी म्हणून विकत घेतली. गेल्या दोन महिन्यांपासून सकाळचा पहिला सेल्फ फार जड फिरतो. हेडलाइटचा उजेड आधीच कमी आहे आणि सिग्नलला थांबल्यावर रेडिएटरचा पंखा सुरू झाला की तो क्षणभर आणखी मंदावतो. बॅटरी आठ महिन्यांपूर्वीच बदलली आहे.

ॲक्सेसरीजच्या एका दुकानदाराने मला ग्राउंडिंग किट बसवण्याचा सल्ला दिला. बॅटरीच्या निगेटिव्हपासून इंजिन, गिअरबॉक्स, अल्टरनेटर आणि बॉडी यांना जोडायच्या जाड निळ्या वायरी, बसवणीसह साडेतीन हजार रुपये. त्यामुळे सेल्फ हलका होतो, उजेड वाढतो, पिकअप सुधारतो आणि मायलेज लिटरमागे एक-दीड किलोमीटरने वाढते, असे त्याचे म्हणणे आहे. पहिल्या दोन गोष्टी पटण्यासारख्या वाटल्या, पण शेवटच्या दोन ऐकून मी खिशातला हात खिशातच ठेवला. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

उत्तर (सदरबझार, सातारा)

मी तंत्रनिकेतनात विद्युत अभियांत्रिकी शिकवतो, त्यामुळे आधी आकडे मांडतो. गाडीत प्रत्येक उपकरणाला पॉझिटिव्हची स्वतंत्र वायर असते, परंतु परतीचा रस्ता बॉडी आणि इंजिनच्या धातूतून जातो. इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेले असल्याने ते बॉडीपासून विद्युतदृष्ट्या तुटलेले असते, आणि म्हणूनच कंपनी त्याला जाड केबल किंवा विणलेली पट्टी लावून देते. किट याच परतीच्या रस्त्याला समांतर वाट करून देते.

आता ही वाट किती उपयोगाची ते पाहू. तुमच्या गाडीचा मूळ अर्थ (अर्थिंग, म्हणजे हीच परतीची जोडणी) चांगल्या स्थितीत आहे आणि त्याचा एकूण रोध एक मिलिओहम आहे, असे धरा. ८ चौरस मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या एक मीटर वायरीचा रोध सुमारे २.२ मिलिओहम असतो. ती समांतर जोडल्यावर एकूण रोध ०.७ मिलिओहमपर्यंत उतरेल. सेल्फ मारताना १५० अँपिअर प्रवाह वाहत असेल, तर वाचणारे व्होल्टेज ०.०५ पेक्षाही कमी. गाडी चालू असताना याच वाटेने ३० अँपिअर जात असतील, तर बचत नऊ-दहा मिलिव्होल्टची. एवढ्याने हेडलाइट उजळत नाही. पिकअपचे म्हणाल, तर इग्निशन कॉइलला किती वेळ प्रवाह द्यायचा हे इंजिनचा संगणक बॅटरीच्या व्होल्टेजनुसार स्वतःच कमी-जास्त करतो. दहा मिलिव्होल्टने ठिणगीत फरक पडत नाही, मग मायलेजमध्ये कुठून पडणार?

मात्र मूळ अर्थ खराब असेल, तर हे सगळे गणित बदलते. तो खराब आहे की नाही हे साध्या मल्टिमीटरने दहा मिनिटांत कळते. पेट्रोल पंपाचा फ्यूज काढून ठेवा, म्हणजे इंजिन चालू होणार नाही. मीटर डीसी व्होल्टवर ठेवून एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर (टर्मिनलच्या पकडीवर नव्हे, थेट शिशाच्या खांबावर) आणि दुसरे इंजिनच्या उघड्या धातूवर धरा, आणि कोणाला तरी पाच सेकंद सेल्फ मारायला सांगा. ०.२ ते ०.३ व्होल्टपर्यंत आकडा आला तर अर्थ ठीक आहे. अर्ध्या व्होल्टच्या पुढे गेला तर दोष तिथेच आहे. ओहमच्या रेंजवर मोजू नका, कारण मीटरच्या वायरींचाच रोध मिलिओहमच्या शेकडो पट असतो, आणि केबलची एकच तार शिल्लक असली तरी मीटर ती ठणठणीत असल्याचे दाखवतो.

उत्तर (कराड)

सरांचे गणित मान्य आहे, पण अनुभव वेगळा सांगतो. माझ्या गाडीत मी गेल्या वर्षी असेच किट बसवले आणि पहिल्याच दिवशी गाडी मोकळी वाटली. खंबाटकी घाटात गिअर कमी बदलावे लागले. सेल्फही एका झटक्यात लागतो. फक्त सिग्नलला इंजिन आपोआप बंद होण्याची सोय हल्ली क्वचितच काम करते, पण मला ती तशीही आवडत नव्हती.

उत्तर (मिरज)

मी बावीस वर्षे गाड्यांची वायरिंग करतो आणि अशी किटे गिऱ्हाइकाच्या आग्रहाखातर बसवलीही आहेत. कराडच्या मित्रांना फरक जाणवला हे मी खोटे म्हणणार नाही, पण किट बसवताना कारागीर काय करतो ते पाहा. तो टर्मिनल सोडतो, खांब घासतो, बोल्टखालचा रंग आणि गंज खरवडतो आणि सगळे पुन्हा घट्ट आवळतो. गुण आला तो बहुतेक वेळा या घासण्याचा असतो आणि नाव होते निळ्या वायरीचे. शिवाय बॅटरी सुटल्यामुळे बऱ्याच गाड्यांचा संगणक आपली शिकलेली मापे विसरतो, त्यामुळे पहिले काही दिवस गाडी वेगळी वाटू शकते.

आपोआप बंद होण्याच्या सोयीबद्दल माझा संशय सांगतो. अशा गाड्यांत बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलवरच प्रवाह मोजणारा सेन्सर बसवलेला असतो. किटची वायर थेट खांबाला जोडली की काही प्रवाह सेन्सरला वळसा घालून जातो आणि संगणकाचा बॅटरीचा हिशेब चुकतो. वायर जोडायचीच असेल, तर ती सेन्सरच्या पलीकडे, बॉडीच्या बाजूला जोडावी.

सांगलीच्या मित्रांनी मात्र एक गोष्ट आवर्जून तपासावी. गाडी २०२१ च्या सुरुवातीला घेतली म्हणता, म्हणजे ती ऑगस्ट २०१९ च्या महापुरात इथेच उभी असण्याची शक्यता आहे. कृष्णेचे पाणी शिरलेल्या गाड्या आजही माझ्याकडे येतात. सीट, कार्पेट सगळे बदललेले असते, पण अर्थचे बोल्ट कोणी उघडलेले नसतात. गिअरबॉक्सचे आवरण ॲल्युमिनियमचे आणि लग (केबलच्या टोकाची, बोल्टखाली बसणारी चकती) तांब्याचे. मध्ये पाणी राहिले की ॲल्युमिनियम खात जाते आणि पांढरी भुकटी धरते. एका गाडीत अर्थ इतका गेला होता की सेल्फचा प्रवाह ॲक्सिलरेटरच्या केबलमधून परतत होता आणि केबल हाताला चटका देत होती. डॅशबोर्डखालचे आणि टेललाइटजवळचे अर्थ तर वेगळेच; तिथवर कोणतेही किट पोहोचत नाही. ब्रेक दाबल्यावर इंडिकेटर मिणमिणत असेल, तर तो मागचा अर्थ आहे असे समजा.

प्रश्नकर्ता (विश्रामबाग, सांगली)

आपण सर्वांनी वेळ दिलात, आभारी आहे. रविवारी शेजारच्या काकांना स्टिअरिंगवर बसवून मोजमाप केले. निगेटिव्ह खांब ते इंजिन, सेल्फ मारताना: ०.६५ व्होल्ट. मग एकेक टप्पा घेतला. खांब ते टर्मिनलची पकड ०.०३, गिअरबॉक्सकडचे लग ते खुद्द गिअरबॉक्सचे आवरण ०.५४. म्हणजे जवळजवळ सगळी गळती एका बोल्टखाली होती.

बोल्ट काढल्यावर लगखाली मिरजेच्या दादांनी सांगितलेली पांढरी भुकटी तर होतीच, पण तिच्याखाली वाळलेल्या गाळाचा तांबूस थरही होता, नखाने पोपडा निघावा असा. गाडी विकणाऱ्याने पुराचा उल्लेख केला नव्हता. तो विषय इथे वाढवत नाही. पॉलिश पेपरने दोन्ही पृष्ठभाग चकचकीत होईपर्यंत घासले, बोल्ट आवळला आणि वरून पेट्रोलियम जेली लावली. आता आकडा ०.१४ आहे आणि सेल्फ पूर्वीसारखा लागतो. एकूण खर्च पॉलिश पेपरचा. एक शंका: सेल्फ मारताना बॅटरीवर आधी १०.६ व्होल्ट दिसत होते, ते आता १०.४ दिसतात. हे बिघडले तर नाही ना? हेडलाइट मात्र होते तसेच आहेत.

उत्तर (सदरबझार, सातारा)

बिघडलेले नाही. अडथळा गेल्यामुळे सेल्फची मोटर आता जास्त प्रवाह ओढते, म्हणून बॅटरी थोडी अधिक वाकते. परंतु मोटरला पूर्वी ९.९५ व्होल्ट मिळत होते, ते आता १०.२६ मिळतात. पॉझिटिव्ह बाजूची घट यात धरलेली नाही. बॅटरी ९.६ च्या खाली जाऊ लागली तरच चिंता करा.

पंखा सुरू होताना उजेड क्षणभर दबणे हे कमी फेऱ्यांवर स्वाभाविक आहे. अल्टरनेटरला सावरायला थोडा वेळ लागतो. कायम कमी असलेल्या उजेडासाठी इंजिन चालू ठेवून बल्बच्या सॉकेटवर दोन्ही बाजू वेगवेगळ्या मोजा.

प्रश्नकर्ता (विश्रामबाग, सांगली)

मोजले. बॅटरीवर १३.८, बल्बवर ११.९, त्यांपैकी अर्थच्या बाजूची घट फक्त ०.१५.

उत्तर (मिरज)

मग पावणेदोन व्होल्ट पॉझिटिव्हच्या बाजूला, स्विच आणि बारीक वायरींत जात आहेत. हॅलोजनचा उजेड व्होल्टेजपेक्षा कितीतरी वेगाने उतरतो. एवढ्या घटीत सुमारे ४० टक्के उजेड गेला असे धरा. रिले (छोट्या प्रवाहाने मोठा प्रवाह चालू-बंद करणारा स्विच) लावून बॅटरीपासून फ्यूजसह जाड वायर थेट हेडलाइटला द्या. बल्ब मूळ ६०/५५ वॉटचेच ठेवा, आणि येताना गाडीच्या चटया काढून या, म्हणजे डॅशबोर्डखालचे अर्थही पाहून घेऊ.